म्हशीच्या नावावरच्या दोन पोफळी

"ताई, तुमच्याकडे वादळ आलंच नव्हतं का?"

तलाठी मॅडमनी हे विचारलं तेव्हा त्या आमच्या वाडीच्या मधोमध उभ्या होत्या. अंगात रेनकोट, पायांत चिखलानं जड झालेले गमबूट, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. आवाजात राग नव्हता. रोज उठून उन्मळलेल्या बागा बघणाऱ्या माणसाला अचानक झाडून ठेवलेलं अंगण दिसलं, तर तो दुसरं काय विचारणार?

आणि अंगणच होतं ते. आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागेला वाडी म्हणतात आणि माणसं राहतात तिला आळी. आमच्या वाडीत त्या सकाळी एक वाळकं पान पडलेलं नव्हतं. खड्डे बुजवलेले, जमीन सारखी केलेली, नव्या रोपांच्या ओळी आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी शेणखत. मागच्या कडेला वादळातून वाचलेली थोडी झाडं होती, तीही शाळेच्या तपासणीला उभी केल्यासारखी ताठ.

"आलं होतं हो मॅडम," मी म्हटलं. "वर बघा ना. एवढं आभाळ या वाडीत कधी दिसतच नव्हतं."

"आभाळाचा पंचनामा करता येत नाही, ताई."

माझे सासरे, आप्पा, मॅडमच्या मागे उभे होते. म्हणजे उभे नव्हते, वाकले होते. मॅडमच्या बुटाला चिकटून बाहेरून आलेलं एक पान त्यांनी उचललं आणि कडेच्या टोपलीत टाकलं. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

आप्पांचं नाव आत्माराम चौलकर. पंचाहत्तरी गाठलेला, काटकुळा, कमरेला कायम कोयता लावलेला माणूस. त्यांच्या स्वच्छतेची आळीभर चेष्टा चालायची. आत्मारामच्या वाडीत पान गळायलासुद्धा घाबरतं, असं लोक म्हणत. दुसरं वेड मिरीचं. आमच्या आळीत पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, मिरीचा वेल कुणी चढवत नसे. वेलानं पोफळ रुसते अशी समजूत होती. आप्पांनी मात्र दर पोफळीला मिरवेल चढवलेला, आणि त्यावरूनही त्यांना चिडवायचे.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. सकाळी सुरू झालं आणि दुपारी थांबलं तेव्हा निम्म्याहून जास्त वाडी आडवी झाली होती. पोफळी मुळासकट उपटून एकमेकींवर पडल्या होत्या. आळीतली माणसं दारात बसून रडत होती. आप्पा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी कोयता काढला.

"आप्पा, सरकारी माणसं येईपर्यंत थांबायला नको का?" मी तेव्हाच म्हटलं होतं.

"पाऊस थांबणाराय का सुहास? रोप आत्ता मातीत गेलं तर जगेल. आणि पडलेले माड ठेवले कुजत, तर भुंगा होईल. तो उरलेल्यांना खाईल. मेलेल्यासाठी जित्याला मारायचं काय?"

ते बोलणं पटण्यासारखं होतं. ते नेहमीच पटण्यासारखं बोलत, तीच तर अडचण होती. मी पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर कामाला लागले. मध्ये मला रोह्याला माहेरी जावं लागलं, तिथलेही पत्रे उडाले होते. परत आले तर वाडी अशी लख्ख. खोडं कुठे गेली विचारलं तर म्हणाले, "दिली. ज्याला लागली त्याला."

मग सरकारनं झाडामागे मदत जाहीर केली, आणि पडलेलं झाड डोळ्यांनी बघूनच पंचनामा होईल असंही सांगितलं.

ही मदत म्हणजे आमच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. माझा नवरा मनोहर पनवेलला कंपनीत होता. पुण्याच्या कुणा माणसाला समुद्राजवळ हॉटेल बांधायचं होतं आणि त्याचा आमच्या वाडीवर डोळा होता. वादळानंतर त्याचे फोन वाढले. मनोहर वाईट नाही, पण हिशेबी आहे. म्हणाला, "सुहास, नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर खाणार काय? मदत मिळाली तर त्यावर तग धरू, माझं काही म्हणणं नाही. नाही मिळाली तर दिवाळीनंतर आप्पांना घेऊन इकडे या. मी त्या माणसाला हो म्हणतो."

माझे वडील एसटीत कंडक्टर. डेपो बदलला की आमची खोली बदलायची. लहानपणी मी कुंडीत तुळस लावायची आणि बदलीच्या वेळी ती कुंडी टेम्पोत मावायची नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा आप्पांनी पहिल्याच पावसात माझ्या हातात एक रोप दिलं आणि म्हणाले, "लाव. आता हे तुला सोडून कुठं जाणार नाय." ती पोफळ मी दहा वर्षं वाढवली आणि वादळात ती पडली. तिच्या जागी मी दुसरी लावली होती. ती सोडून मला पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं नव्हतं. आप्पा तर तिथे महिनाभरही जगले नसते.

आणि आता मॅडम म्हणत होत्या, आभाळाचा पंचनामा होत नाही.

"खोडं तरी ठेवायची की हो," मॅडम आप्पांना म्हणाल्या. घुगे मॅडम बीडकडच्या, नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. "मला इथं काय पडलेलं दिसंना. आज शेवटचा दिस हाय. सांजच्याला यादी तालुक्याला द्यायची."

"मॅडम, सगळ्या आळीला ठाऊक हाय, माझी झाडं पडली ते."

"आजोबा, मी डोळ्यांनी बघते तेवढंच लिहिते. सांगण्यावरून लिहायला लागले, तर ज्याचं मोडलं न्हाई तोबी सांगंल."

खरंच होतं ते.

गडग्याच्या पलीकडून एक घसा खाकरला. गडगा म्हणजे दगड रचून केलेली हद्द. त्याच्या पलीकडे वासूकाकांची वाडी. वासूकाका आप्पांचे सख्खे चुलतभाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा हा गडगा हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. आत्मारामच्या दारचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं वासूकाकांनी भर आळीत सांगितलेलं होतं.

पण शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बोलावं लागतंच. पाटाचं पाणी असतं, मोकाट गुरं असतात. त्यावर वासूकाकांनी तोड काढली होती. त्यांना आप्पांना काही सांगायचं असलं की ते आपल्या म्हशीला सांगत, गडग्याजवळ उभे राहून, मोठ्यानं. म्हशीचं नाव सोनी. 'सोने, पाणी सोडलंय गं, पाट भरला की बंद करा म्हणावं.' आप्पा त्यावर आपल्या कोयत्याला उत्तर देत. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, या घराण्यात वेडाची साथ असावी.

"सोने," वासूकाकांचा आवाज आला, "बघ गं बाय. साफसफाईचं बक्षीस मिळतंय लोकांना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वासूकाकांनी आपल्या वाडीतल्या काडीलाही हात लावला नव्हता. पडलेलं सगळं पडलं तसंच ठेवलं. आदल्याच दिवशी मॅडमनी त्यांचा पंचनामा करून टाकला होता. हुशार माणूस!

मॅडमनी फाईलचं पेन बंद केलं. मला त्या पेनाचा आवाज अजून आठवतो.

"मॅडम, निदान चहा घेऊन जा," आप्पा म्हणाले.

"नको आजोबा. मला फार वाईट वाटतंय, पण नको."

त्या आळीकडे निघाल्या. मी त्यांच्या मागे निघाले. काय करायचं ठरलेलं नव्हतं, पण त्यांना तसं जाऊ द्यायला पाय तयार नव्हते. मागून आप्पा, खाली बघत.

आमच्या घरानंतरचं घर हमीदाचाचीचं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे कान तिखट. वाडीतलं अर्धं त्यांनी ऐकलं असणार आणि उरलेलं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार.

"काय झालं गो सुहास? नाय लिवलं?"

"खोडं दिसत नाहीत म्हणतात, चाची."

चाचींनी सूप खाली ठेवलं. "दिसत नाय? मॅडम, ओ मॅडम! जरा मागं वळा. ह्या माझ्या ओसरीचे खांब बघा. माझी ओसरी वादळात भुईला टेकली होती. हे खांब कुठनं आले असं वाटतं तुमाला? दुसऱ्या दिवशी आत्मारामभाऊ खांद्यावर घालून घेऊन आले. मी मागितले पण नव्हते."

मॅडम थांबल्या. खांबाजवळ गेल्या. "चाची, पोफळ तर सगळ्यांकडं हाय. ही यांचीच कशावरून?"

चाची खुदकन हसल्या. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून आप्पांना चिडवलं तीच आता त्यांच्या हाताशी आली होती. "हात लावून बघा."

मॅडमनी खांबावरून हात फिरवला. गुळगुळीत खोडाच्या एका अंगानं खालपासून वरपर्यंत एक खरखरीत पट्टा गेला होता. मिरवेल काढला तरी त्याची बारीक मुळं सालीला चिकटून राहतात, दाढीचे खुंट राहावेत तशी.

"मिरी," चाची म्हणाल्या. "अख्ख्या आळीत हा एकच खुळा पोफळीवर मिरी चढवतो. विचारा कुणालाही."

मॅडम खांबाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा ओसरीखालची काडी उचलत होते.

"आणखी कुठं कुठं दिली?"

आप्पांनी आणखी एक काडी उचलली. पण चाचींनी तोवर आळीत हाक दिली होती, आणि त्यांची हाक बंदरापर्यंत जाते.

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. आळी जमली. आमचे आप्पा वरातीतल्या नवरदेवासारखे मध्ये, लाजलेले, आणि पुढे मॅडम. एकेक जण आपलं घर दाखवायला लागला. वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, वाहून गेला होता, पलीकडच्या पोरांना शाळेत यायचं म्हणून आप्पांच्या खोडांनी नवा घातलेला. मॅडम गुडघ्यावर बसून साकवाच्या खालून हात फिरवत होत्या. अंगणवाडीच्या पडवीचे वासे. सुताराच्या घराचं आढं. एका म्हाताऱ्या आजींच्या न्हाणीचा आडोसा, तोही त्यांनी हट्टानं दाखवला. म्हणाल्या, "मी आंघोळ करते ती आत्मारामच्या जिवावर, लिही बाय."

मॅडमही वस्ताद. "एका झाडाचे दोन तुकडे करून दोन झाडं म्हणाल, तर मी ऐकणार न्हाई," असं आधीच बजावलं त्यांनी, आणि जाड बुंध्याकडचं टोक असेल तेवढंच मोजत गेल्या. वेलाची खूण नसेल ते सोडून दिलं. फोटो काढले, लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा कुठे गेला होता कोण जाणे. हळूहळू त्याही हाका मारायला लागल्या, "आणि ते छप्पर? ते कुणाचं?"

मी मात्र मनात आकडा धरून चालले होते आणि तो पुरेना. आप्पांनी अर्जावर एकशे दहा पोफळी लिहिल्या होत्या. आळी संपली आणि मॅडमच्या कागदावर निम्म्याच्या थोडं वर झालं होतं.

आम्ही फिरून पुन्हा आमच्या वाडीच्या फाटकाशी आलो.

"आजोबा, बाकीची?"

"तेवढीच असतील."

"एकशे दहा लिहिलंय तुम्ही."

"म्हाताऱ्याचा अंदाज चुकला असंल, मॅडम. दिसली तेवढी लिहा. उपकार झाले."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आप्पांचा अंदाज चुकणं शक्य नव्हतं. त्यांच्या वाडीतली एकेक पोफळ त्यांना पोटच्या पोरासारखी ठाऊक होती. ते खोटं बोलत होते, आणि सवय नसल्यामुळे अगदी वाईट बोलत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "निम्म्यावर मनोहर ऐकणार नाही. तुम्हाला माहितीय. कुठे दिलीत सांगा ना."

"सांगता येत नाय."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला? वाडी जाईल आप्पा!"

"जाईल तर जाईल," ते हळूच म्हणाले. "पण शब्द दिलाय गो."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, मॅडमसमोर, पदर तोंडाला लावून रडले मी. हमीदाचाचींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, कुणाला दिसू नये म्हणून.

तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला.

"सोने."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"सोने, त्या मॅडमला सांग. तुझ्या गोठ्याचं छप्पर बघायचं राहिलंय म्हणावं."

"कुणाशी बोलायलेत ते?" मॅडमनी मला विचारलं.

"म्हशीशी," मी डोळे पुसत म्हटलं. आणखी काय सांगणार?

वासूकाका गडग्याजवळ आले. धिप्पाड माणूस, छातीवर पांढरे केस, गळ्यात टॉवेल. आळीकडे बघत नव्हते, आप्पांकडे तर नाहीच. मग त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि या वेळी म्हशीला मध्ये घातलं नाही.

"मॅडम, माझी झाडं काल तुमी मोजली ती तिथंच पडलीत, बघून घ्या. एकाला पण मी हात लावलेला नाय. पंचनामा व्हायचा होता म्हणून नाय लावला. पण गोठा वादळात गेला होता. म्हैस पावसात उभी. गाभण म्हैस. मी तिला माडाला बांधली होती आणि वाट बघत होतो, तुमची." त्यांनी गोठ्याकडे हात केला. "दोन दिवस उभी होती मॅडम ती. तिसऱ्या दिवशी दुपारी गडग्यावरनं एक खोड आत आलं. पलीकडं कोण हाय ते दिसत होतं मला. त्यानं आपल्या कोयत्याला सांगितलं, 'हे म्हशीला हाय, दुसऱ्या कुणाला नाय.'"

आळीतून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मंग मी पण सोनीला सांगितलं, घे गं, पण आळीत कुणाला कळता नये. कोयत्याला सांग म्हटलं, बोलशील तर परत टाकीन. आळी झोपली की रोज दुपारी हा तिकडनं ढकलायचा आणि मी इकडनं ओढायचो. छप्पर झालं, कूड झाला, गव्हाण झाली. तरी ह्याचं ढकलणं थांबेना. म्हशीच्या पायाखाली ओल नको म्हणून खाली पण अंथरली खोडं."

आप्पा कोयत्याच्या मुठीशी चाळा करत होते.

"आणि आज," वासूकाका पहिल्यांदाच आप्पांकडे वळले, "आज वाडी जायची वेळ आली तरी हा बोलत नाय! माझी लाज राखतोय, खुळा! दादा, अरे तोंड होतं ना तुला?"

दादा. आप्पांनी वर पाहिलं. किती वर्षांनी ती हाक त्यांच्या कानावर पडली असेल, त्यांनाच ठाऊक. त्यांनी कोयत्याकडे पाहिलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग कोयता सोडून दिला आणि थेट वासूकाकांना म्हणाले, "शब्द दिला होता ना रे."

"म्हशीला दिला होतास!"

"म्हणून काय झालं?"

मी सांगते, त्या आळीत त्या वेळी कोरडे डोळे फक्त सोनीचे होते. ती आपली रवंथ करत होती.

मॅडम गोठ्यात शिरल्या. आम्ही बाहेर. छपरावर पसरलेली निळी ताडपत्री वासूकाकांनी ओढून काढली आणि खाली पोफळीच पोफळी, एकीशेजारी एक, बहुतेक सगळ्यांच्या अंगावर मिरवेलाचा खरखरीत पट्टा. मॅडमनी सोनीला बाजूला सरकवलं, शेणात गमबूट घालून वाकल्या, एकेक बुंधा हातानं चाचपत मोजला. आत हात घालताना त्यांच्या तोंडून "माय गं" असं आलं ते मी ऐकलं.

बाहेर येऊन त्यांनी बेरीज केली. परत केली. "आजोबा, एकशे बारा भरतात. बिनखुणेच्या दोन जास्त."

"ती दोन वासूची असतील," आप्पा म्हणाले.

"माझी नाय. मी हातच लावला नाय सांगतोय ना."

"वेलाची खूण हाय का त्या दोघींवर?"

"पुसली असंल खूण! म्हैस घासते अंग."

"वासू, माझी झाडं मला ठाऊक नाय?"

"तुला काय ठाऊक हाय? गडगा कुठं हाय ते तरी ठाऊक हाय का तुला?"

इतक्या वर्षांनी तोंडं उघडली ती अशी. दोन पोफळी एकमेकांच्या गळ्यात घालण्यासाठी दोघं म्हातारे हातवारे करून भांडत होते आणि आळी कौतुकानं ऐकत होती.

"गप बसा दोघंबी!" मॅडम ओरडल्या. मग हसू दाबत म्हणाल्या, "त्या दोन म्हशीच्या नावावर राहू द्या. मी एकशे दहा लिहिते. डोळ्यांनी बघून लिहिलंय, कुणाचा बापबी खोडू शकणार न्हाई ते. पंच म्हणून सही कोण करतंय?"

"पहिली माझी," वासूकाका म्हणाले. आणि सही करायला त्यांनी पाय उचलला तो वाटेनं वळसा घालून नाही, गडग्यावरूनच. आत आले, आमच्या ओसरीवर बसले. मी पाणी आणलं. तांब्या त्यांच्यासमोर ठेवताना माझा हात थांबला, कारण त्यांचं ते जुनं बोलणं मला आठवलं. त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी तांब्या उचलला, वरून घटाघटा ओतला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड हाय रे तुझ्या विहिरीचं. आधी सांगायचं."

मॅडमनीही त्या दिवशी दोन कप चहा घेतला.

मदत गणपतीच्या आधी आप्पांच्या खात्यात आली. मी मनोहरला फोन केला. त्यानं आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "त्या पुण्याच्या माणसाला कळवतो." दिवाळीला आला तेव्हा रोपांना नवी पानं आली होती. आप्पा त्याला गोठ्यात घेऊन गेले आणि एकेक पोफळ पूर्वी कुठे उभी होती ते सांगत बसले. मनोहरनं पुन्हा पनवेलचा विषय काढला नाही.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. घुगे मॅडमची बदली त्यांच्या गावाकडे झाली, पण दर वर्षी त्यांना आमच्याकडून मिरी जाते. त्या सुपारी खात नाहीत. सरकारच्या मदतीवर आमचं घर तरलं हे मी कधी नाकारणार नाही. ज्यांनी ती देऊ केली त्यांचे उपकार आहेत, आणि गाभण म्हशीच्या पायाखाली वाकून ती आमच्यापर्यंत आणणाऱ्या त्या मुलीचे तर जास्तच. आप्पांचे काय सांगू? ज्या सवयीचा मला त्या सकाळी राग आला होता, तिनंच माझी वाडी राखली. मी रोज सकाळी झाडते, एकही पान ठेवत नाही.

यंदा त्या रोपांना पहिली सुपारी धरली. मी लावलेल्या पोफळीलाही. सांगायला म्हणून वाडीत गेले तर आप्पा आणि वासूकाका गडग्याच्या दोन बाजूंना बसले होते आणि आप्पा मिरवेलाचे तुकडे कापून पलीकडे देत होते. वासूकाकांच्या वाडीत मिरी! चार-पाच वर्षांत आळीतल्या सगळ्यांनीच नेली होती, हमीदाचाचींनीसुद्धा. उरले होते ते एकटे वासूकाका.

"काका, तुमची पोफळ रुसेल ना?" मी चिडवलं.

"रुसू दे."

"आणि पुन्हा वादळ आलं तर? सगळ्यांच्याच खोडांवर वेलाची खूण. कुणाचं कुठलं ते कळणार कसं तलाठ्याला?"

वासूकाकांनी वेलाचा तुकडा मातीत खोचला, वरून माती दाबली आणि आप्पांकडे पाहिलं.

"नाय कळलं तर नाय कळलं," आप्पा म्हणाले. "आळीची म्हणून लिहितील."